पाच थर्मामीटर आणि एक टाकी : जानेवारीच्या नोंदी

५ जानेवारी

माशांची टाकी तीन फुटी, काच ८ मिलिमीटर, पाणी दीडशे लिटरच्या आसपास. आत एंजल, कोरी आणि एक म्हातारा प्लेको. घर लालबागचं, तिसरा मजला. या दिवसांत पहाटे खोली २२-२३ अंशांवर उतरते, म्हणून नवा हीटर घेतला. त्याच्या टोपीवरचा काटा २७वर ठेवला. तो खरंच २७ धरतो का, एवढंच बघायचं होतं. घरात होते नव्हते ते सगळे थर्मामीटर टाकीला लावले, तर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त दाखवणाऱ्यात दोन अंशांची तफावत. हीटर राहिला बाजूला, आधी यांचाच निकाल लावायला हवा.

हजेरीपट असा. लाल-१ आणि लाल-२ हे काचेच्या नळीतले, आत लाल रंगवलेलं स्पिरिट, मागे कागदाची पट्टी, डोक्याला सक्शन कप. दोन्ही एकाच कंपनीचे, वेगवेगळ्या साली घेतलेले. तिसरी काचेला बाहेरून चिकटवायची रंग बदलणारी पट्टी. चौथा डिजिटल: बटण-सेलवर चालणारी डबी, मीटरभर वायर, टोकाला काळा प्रोब. पाचवा लॅमिंग्टन रोडवरून आणलेला स्टीलच्या नळीतला सेन्सर, डीएस१८बी२०, आर्डुइनो नावाच्या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला जोडलेला.

बाबांचा सल्ला : पाचांची सरासरी काढ आणि मोकळा हो. तसं करणार नाही. चुकीच्या पाच आकड्यांची सरासरी हाही एक चुकीचाच आकडा, फक्त दिसायला सभ्य.

६ जानेवारी

थर्मामीटरांना दोष देण्याआधी पाण्याची झडती घेतली. हीटर एका कोपऱ्यात उभा आहे. फिल्टर बंद करून थोडा वेळ थांबलो आणि सेन्सर आधी वर, मग तळाशी वाळूला टेकवून धरला. जवळपास एका अंशाचा फरक. गरम पाणी वर चढून बसतं आणि कोरी बिचाऱ्या तळाला. म्हणजे एक थर्मामीटर वरच्या कोपऱ्यात आणि दुसरा खाली असेल, तर दोघं खरं बोलूनही भांडतील.

मग फिल्टर चालू केला, दोन्ही लाल, प्रोब आणि सेन्सर रबरबँडने एकत्र बांधले आणि फिल्टरच्या धारेसमोर सोडले. अर्ध्या तासानंतरचे आकडे:

लाल-१ : २६ आणि २६.५च्या मधे
लाल-२ : २८ला जेमतेम वर
डिजिटल : २८.४
सेन्सर : २७.६३
पट्टी (जागेवरच) : २६चा चौकोन हिरवा, २८च्या चौकोनात तपकिरी छटा

पाणी एकच, जागा एकच, तरी तफावत दोन अंशांचीच. आता दोष थर्मामीटरांकडेच जातो.

लाल नळी वाचताना डोळा द्रवाच्या पातळीला समांतर हवा. वरून वाकून वाचलं तर अर्धा अंश सहज इकडचा तिकडे होतो, कारण द्रव नळीत आणि आकडे मागच्या कागदावर. टाकीच्या काचेतून तिरकं बघितलं तर आणखी गोंधळ.

८ जानेवारी

खरा आकडा आणायचा कुठून? एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत कॅलिब्रेशन, म्हणजे खात्रीच्या आकड्याशी ताडून बघणं, करून मिळतं, पण सत्तर रुपयांच्या नळीसाठी ते म्हणजे अतीच झालं. निसर्गाने फुकट दिलेले आकडे वापरायचे, म्हणजे ज्या तापमानाला एखादा पदार्थ वितळतो किंवा रूप बदलतो ते तापमान.

उकळतं पाणी बाद. स्पिरिट म्हणजे बहुधा अल्कोहोल, आणि ते ७८ अंशांना उकळतं. ५० अंशांपर्यंतची नळी उकळत्या पाण्यात घातली तर ती फुटणारच. शिवाय उकळबिंदू हवेच्या दाबाबरोबर सरकतो. पावसाळ्यात मुंबईत दाब उतरला की पाणी १००च्या थोडं आधीच उकळतं.

बर्फ उत्तम. वितळणारा शुद्ध बर्फ ० अंश, दाबाचा फरक नगण्य. पण माझे मासे शून्यात राहत नाहीत. शून्याला बरोबर असलेला थर्मामीटर २८लाही बरोबर असेलच याची हमी कोण देणार? म्हणून दुसरा बिंदू टाकीच्या जवळपासचा हवा.

गॅलियम हा धातू २९.७६४६ अंशांना वितळतो आणि आंतरराष्ट्रीय तापमान मोजपट्टीतला तो एक अधिकृत बिंदू आहे. आपल्या कामासाठी यापेक्षा सोयीचा आकडा शोधून सापडणार नाही. पण महाग, थंड होताना गोठायला टाळाटाळ करतो, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्याला लागला तर भांडं पोखरतो. बायकोने हे शेवटचं ऐकलं आणि विषय संपला.

दुसरा उमेदवार ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे पाणीधारी सोडियम सल्फेट. ३२.३८ अंशांना त्याचे स्फटिक स्वतःतलं पाणी सोडतात, आणि ते काम चालू असेतो तापमान तिथून हलत नाही. अणुभारांच्या कामासाठी १९१४चं नोबेल मिळालेले हार्वर्डचे थिओडोर रिचर्ड्स यांनी थर्मामीटर तपासायला हाच बिंदू सुचवला होता. स्वस्त, बिनविषारी. ठरलं.

९ जानेवारी

बर्फाचं काम. दिसतं सोपं, पण चुका इथेच होतात, म्हणून सविस्तर.

पाणी : बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, स्टीलच्या डब्यात रात्रभर गोठवलं. कोळणीकडचा बर्फ मागू नये. त्यात मिठाचा अंश असतो आणि मीठ आलं की बर्फ शून्याच्या खाली वितळतो. तो पापलेटला चांगला, आपल्याला नाही.

बर्फ स्वच्छ फडक्यात गुंडाळून बत्त्याने साबुदाण्याएवढा केला. फ्रीजरमधून काढल्या काढल्या तो शून्याच्या बराच खाली असतो: पांढरा, कोरडा, बोटाला चिकटतो. तेव्हा मोजायचं नाही. थर्मासमध्ये भरला, वरून गार डिस्टिल्ड पाणी अगदी थोडं, कणांमधल्या फटी भरतील इतकंच. थोड्या वेळाने पांढरेपणा जातो आणि बर्फ ओला, काचेसारखा दिसू लागतो. मग सुरू.

बर्फ तळापर्यंत ठासलेला पाहिजे. ग्लासात पाणी आणि वर चार खडे तरंगतायत, असलं काही चालत नाही. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून ते तळाशी जाऊन बसतं. थर्मामीटरचा फुगा तिथे टेकला की तो चार अंशांच्या आसपास दाखवतो आणि आपण चांगल्या थर्मामीटरला नावं ठेवतो. मुद्दाम तसा ग्लास करून सेन्सर तळाला सोडला. तीनच्या वर गेला. थर्मासमध्ये साचलेलं पाणी काढून बर्फ पुन्हा पुन्हा दाबत राहिलो.

आकडे स्थिरावल्यावर:

लाल-१ : शून्याच्या रेघेखाली अर्धा अंश
लाल-२ : ०.५
डिजिटल : ०.८
सेन्सर : ०.१९

पट्टी या परीक्षेला बसत नाही, तिचा पहिला चौकोनच १८चा.

सेन्सरबद्दल : कंपनीच्या कागदावर -१० ते ८५ अंशांपर्यंत चूक ±०.५ लिहिलेली आहे, आणि आकड्याची पायरी ०.०६२५. पायरी बारीक म्हणजे आकडा खरा असं नव्हे. पडद्यावर २७.६२५ असं झळकलं की माणूस उगाच विश्वास ठेवतो. शिवाय बाजारात या चिपच्या नकला भरपूर, दिसायला अगदी जुळ्या. माझी अस्सल की नक्कल, मला फरक पडत नाही; बर्फात कशी वागते ते कळलं.

११ जानेवारी

प्रिन्सेस स्ट्रीट. प्रयोगशाळेचं काचसामान आणि रसायनं विकणारी दुकानं एकाला एक लागून. सोडियम सल्फेट मागितलं तर माणसाने निर्जल पावडरची बाटली पुढे केली. नुसत्या पावडरवर भागत नाही, त्यात सोडायला पाणीच नसतं. स्फटिकांची बाटली नसेल तर तिच्यापासूनही करता येतं: ४४ ग्रॅम पावडरला ५६ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी, कोमट करून ढवळायचं आणि गार होऊ द्यायचं. मला आतून स्फटिकांची अर्धा किलोची बाटली मिळाली. प्रयोगशाळेच्या प्रतीचीच घेतली, कारण भेसळीचं मीठ असेल तर ३२.३८चा बिंदू खाली घसरतो.

घरी बाबांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि चेहरा खुलला. ते मिलमध्ये डाइंग खात्यात होते, ८२च्या संपापर्यंत. ग्लॉबर सॉल्ट त्यांच्याकडे गोणींनी यायचं. रंगाच्या पाण्यात ते टाकलं की रंग पाणी सोडून सुताकडे धावतो. "आणि तू ते थर्मामीटरला पाजणार?" म्हणाले. संध्याकाळभर मग डाइंगच्या हौदांचं तापमान कसं बघायचे त्याच्या गोष्टी. मुकादम कोपरापर्यंतच्या अनुभवावर आकडा सांगायचा म्हणे, आणि पितळी कवचातला थर्मामीटर फक्त साहेब आला की बाहेर निघायचा.

१२ जानेवारी

या सगळ्या उद्योगातला खरा दिवस.

उंच अरुंद काचेच्या बरणीत पाऊण भाग स्फटिक. बरणी एका पातेल्यात, पातेल्यात ३५ अंशांच्या आसपासचं पाणी. यापेक्षा गरम नको, नाहीतर सगळं एकदम वितळून जातं आणि हातात काही राहत नाही. लाकडी काडीने ढवळत राहायचं. आधी कडेचे स्फटिक ओलसर होतात, मग लापशी होते आणि तळाशी पांढरी बारीक पूड जमायला लागते. ती पूड म्हणजे पाणी सोडून दिलेलं सल्फेट. स्फटिक, पूड आणि दाट द्रव तिन्ही एकत्र दिसतायत तोवर बिंदू शाबूत.

सेन्सरचा आलेख बघण्यासारखा होता. २६पासून चढत चढत आला आणि ३२.५०ला जो बसला तो बसलाच. पातेल्यात मुद्दाम कपभर गरम पाणी ओतलं, तरी बरणीतला आकडा ३२.५० आणि ३२.५६च्या मधे एकदा लुकलुकून परत जागेवर. बाहेरून आलेली उष्णता स्फटिक मोडण्यात खर्ची पडते, तापमान वाढवायला उरत नाही. शाळेत सुप्त उष्णतेची गणितं केली होती, ती नजरेसमोर घडताना पहिल्यांदा बघितली.

लाल नळ्या पूर्ण बुडवल्या. टाकीत त्या पूर्ण बुडूनच असतात, तेव्हा परीक्षाही तशीच. नुसता फुगा बुडवून वरची नळी गार हवेत ठेवली तर नळीतलं स्पिरिट आकसतं आणि वाचन कमी येतं. स्पिरिटच्या बाबतीत हा फरक पाऱ्यापेक्षा बराच मोठा. वाचण्यापुरती नळी बरणीच्या काचेला टेकवायची.

लाल-१ : ३१
लाल-२ : ३३
डिजिटल : ३३.३
सेन्सर : ३२.५०

खरा आकडा ३२.३८. आता चित्र स्पष्ट होतं. लाल-२ बर्फात अर्धा अंश पुढे, इथेही साधारण तेवढाच पुढे. म्हणजे नळी बरी आहे, मागचा कागद सरकलाय. लाल-१ची गोष्ट वेगळी. बर्फात अर्धा अंश मागे आणि इथे जवळपास दीड. तिचा कागद सरकलाय हे तर आहेच, शिवाय छापलेल्या रेघांमधलं अंतर या नळीच्या भोकाशी जुळत नाही. छपाई सगळ्यांना एकच, भोक मात्र नळीगणिक वेगळं. फक्त बर्फावर विसंबलो असतो तर हिला "अर्धा अंश मिळवा" असं लेबल लावून टाकीत सोडलं असतं.

डिजिटलबद्दल शंका होती की प्रोबमध्ये पाणी शिरलं असावं. आत थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. पाणी शिरून बाजूने करंट गळायला लागला की एकूण रोध कमी दिसतो आणि डबीला वाटतं पाणी गरम आहे. पण तसं असतं तर चूक थंडीत खूप मोठी आणि उबेत लहान दिसली असती, कारण शून्याला थर्मिस्टरचा रोध ३२ अंशांच्या मानाने चौपटीच्या आसपास असतो आणि तिथे गळती जास्त भोवते. इथे बर्फात ०.८, मिठात ०.९. म्हणजे गळती नाही. थर्मिस्टरच मुळात चार टक्क्यांनी इकडे तिकडे आहे, आणि स्वस्त मालात तेवढं असतंच. सेल बदलूनही आकडा तोच.

सगळं नळाखाली नीट धुतलं. सल्फेट टाकीत जायला नको.

१३ जानेवारी

साक्षीदार म्हणून तापाचा डिजिटल थर्मामीटर. त्याच्या खोक्यावर ±०.१ लिहिलंय, पण तो ३५च्या वरच बोलतो, शिवाय सर्वांत जास्त आलेला आकडा धरून बसतो. म्हणून थर्मासमध्ये कोमट पाणी, ते हळूहळू उतरत असताना सेन्सर ३७.१९वर आला तेव्हा तो चालू करून बुडवला. त्याने ३७.१ सांगितलं. डिजिटल ३८.०. मिठाने सांगितलेलंच याने सांगितलं. आता माझी खात्री पटली.

१४ जानेवारी

संक्रांत. काम बंद. तिळाच्या वड्या टाकीपासून लांब ठेवल्या.

१८ जानेवारी

पट्टी. तिच्यात द्रव स्फटिक असतात, तापमानाबरोबर ते वेगळा रंग परतवतात. ती मोजते काचेच्या बाहेरच्या अंगाचं तापमान, आणि ते पाणी आणि खोली यांच्या ओढाताणीतून ठरतं. पाणी २७.५, खोली २३. हिशोब केला तर ८ मिलिमीटरच्या काचेत साधारण अर्धा अंश हरवतो. पंखा लावला की आणखी.

पडताळा : पट्टीवर थर्माकोलचा तुकडा दाबून चिकटवला. वीस मिनिटांनी पटकन उचलून बघितलं तर २८चा चौकोन हिरवटला होता, २६चा निळा पडला होता. तुकडा काढल्यावर बघता बघता पुन्हा पहिल्यासारखं. म्हणजे पट्टी बिघडलेली नाही, तिला जे विचारलं त्याचं ती खरं उत्तर देते. मे महिन्यात खोली आणि पाणी सारखंच झालं की ती सगळ्यांत शहाणी दिसेल. हीटर अडकून पाणी तापलं तर जाता-येता नजरेला पडेल, एवढ्यासाठी तिला ठेवतो.

२१ जानेवारी

लाल-१च्या जागी नवा घ्यायला क्रॉफर्ड मार्केट. पिंजऱ्यांच्या आणि माशांच्या गल्लीत एका दुकानात पुठ्ठ्यावर डझनभर नळ्या टांगलेल्या. सगळ्या एकाच हवेत, रात्रीपासून. मग आकडा सगळ्यांचा एकच हवा. नव्हता. एक २५, दोन २८, बाकीच्या २६-२७च्या आसपास. हात न लावता, नाक जवळ नेऊन वाचल्या. हातात धरली की ती माझा ताप मोजायला लागते. "साहेब, मासा काय थर्मामीटर बघून पोहतो?" दुकानदार म्हणाला. त्यालाही गंमत वाटली असावी, कारण मग त्याने स्वतःच २५वाली उतरवून गल्ल्याखाली टाकली.

बहुमताने खरं ठरत नाही, पण फार वेडीवाकडी नळी बाजूला पडते. मधल्या घोळक्यातली एक घेतली, जिचा कागद आत हलत नव्हता. घरी बर्फात शून्याच्या रेघेवर, उरलेल्या स्फटिकांच्या लापशीत ३२.५च्या थोडं खाली. मुख्य टाकीला ही.

२५ जानेवारी

लेबलं लावली. लाल-२ : ०.६ वजा. डिजिटल : ०.९ वजा. सेन्सरची दुरुस्ती प्रोग्राममध्येच, ०.१३ वजा. मग परत हीटरकडे. त्याचा काटा २७वर, पाणी प्रत्यक्षात २७.२ ते २७.९च्या मधे झुलतं. या किमतीच्या हीटरकडून याहून जास्त मागू नये.

शेजारच्या काकांच्या टाकीत पांढरे ठिपके आलेत. त्यांना औषधासोबत पाणी ३०पर्यंत चढवायचंय आणि त्यांच्याकडे लाल-१च्याच वाणाचा थर्मामीटर आहे. त्यांचाही लाल-१सारखा निघाला, तर ३० वाचत असताना पाणी ३१च्या वर गेलेलं असेल. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे ८.२६ मिलिग्रॅम, ३०ला ७.५६. आजारी माशाला तो एक अंश जड जातो. त्यांना डिजिटल दिला, लेबल दाखवून बजावलं, आणि एअर पंप जोरात ठेवायला सांगितलं.

२८ जानेवारी

लाल-१ फेकलेला नाही. पाणी बदलताना मला एवढंच कळायला हवं असतं की बादलीतलं पाणी टाकीतल्यापेक्षा किती गार आहे. एकच नळी आधी टाकीत, मग बादलीत. दोन्हीकडे जवळपास तीच चूक, वजाबाकीत ती उडून जाते. आज टाकीत २६.२५, बादलीत २२. तांब्याभर गरम पाणी ओतून बादली २६वर आणली. तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलंय : फक्त बादलीसाठी.

डिजिटल परत आला की बर्फात घालायचा. काकांकडे नातू आहे आणि प्रोबची वायर चावण्याजोगी आहे.